पंखा पुन्हा पुन्हा का मोडतो?

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनी आपणांपैकी फार थोड्यांच्या जिव्हाळ्याचा वाटेल. वेगवान यांत्रिक नौकेचा पंखा, ज्यास प्रोपेलर म्हणतात, तो वारंवार का मोडतो, हा तो विषय होय. अशी नौका बाळगणारी घरे आपल्याकडे कितीशी असणार? परंतु गेटवेहून मांडव्यास जाणारा उतारू, सुटीत मुलाबाळांस घेऊन अलिबाग-मालवणच्या किनाऱ्यावर जलविहार करणारा गृहस्थ आणि मासेमारीवर संसार चालविणारा कोळी, या सर्वांचा जीव घटकाभर तरी त्या दोन-अडीच वितींच्या धातूच्या फुलावर टांगलेला असतो. ओहोटीच्या ओढीत, खडकाजवळ पंखा मोडला की उत्तम चालते इंजिनही निरुपयोगी ठरते. नौका आडवी होते आणि लाटा कुशीवर घेऊ लागते.

या विषयाशी समुद्रापासून फार दूर असलेल्या एका गावाचाही संबंध आहे. पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठी पारगाव आहे. तेथे नौकांच्या शर्यती होत नाहीत, उसाचे मळे आहेत. भीमाशंकर सहकारी साखर कारखाना तेथेच आहे. नदीचे पाणी मळ्यांत चढविणाऱ्या पंपाच्या पोटात जे चक्र फिरते, ज्यास इम्पेलर म्हणतात, ते नौकेच्या पंख्याचे सख्खे भावंड होय. एक पाण्यातून नौकेला पुढे ढकलते, दुसरे जागीच राहून पाण्याला ढकलते. दोघांना जडणारा एक रोगही समान आहे. त्याचा शोध कसा लागला, ते प्रथम पाहू.

पंखा मोडला की मालक बहुधा नवा आणतो. तोही मोडला की अधिक जाड, अधिक महाग असा आणतो. तिसरा मोडल्यावर कारखानदारास दोष देतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार. एकच पंखा एकदा मोडला तर तो अपघात असू शकेल. मात्र एकामागून एक पंखे त्याच रीतीने मोडू लागले, तर कारण पंख्याच्या बाहेर कोठेतरी आहे असे धरून चालणे शहाणपणाचे ठरते.

या शहाणपणाचा पहिला मोठा धडा इंग्लंडात मिळाला. १८९३ साली थॉर्निक्रॉफ्ट यांच्या गोदीतून ‘डेअरिंग’ नावाची त्या काळची अतिवेगवान युद्धनौका पाण्यात उतरली. तिचा वेग ताशी २७ नॉट व्हावा अशी अपेक्षा होती. तो २४ नॉटांच्या आसपासच अडकला. इंजिनाचा जोर वाढवावा तर पंखा वेगाने फिरे, नौका थरथरे, परंतु त्या मानाने पुढे जात नसे. गोदीतील तज्ज्ञ सिडनी बार्नबी यांनी हिशेब मांडला की, पात्याच्या दर चौरस इंचावर सरासरी सव्वाअकरा पौंडांहून अधिक रेटा पडू लागला की पात्यापाठीमागचे पाणी तुटते आणि तेथे पोकळी होते. तेव्हा पंख्याचा व्यास आणि आट्यांचे अंतर तसेच ठेवून पात्यांचे क्षेत्रफळ ४५ टक्क्यांनी वाढविण्यात आले. इंजिन तेच राहिले, तरी नौकेने २८ नॉटांची मर्यादा ओलांडली. पोकळी होण्याच्या या क्रियेस ‘कॅव्हिटेशन’ हे नाव त्याच सुमारास पडले.

पुढील वर्षी, १८९४ मध्ये, चार्ल्स पार्सन्स यांची ‘टर्बिनिया’ पाण्यात उतरली. वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ही पहिलीच नौका. टर्बाइन अतिशय वेगाने फिरत असल्याने पंखाही तितकाच वेगाने फिरे आणि नौकेस गती येत नसे. पार्सन्स यांनी एकामागून एक निरनिराळे पंखे लावून पाहिले. वेग २० नॉटांपलीकडे जाईना. यानंतर त्यांनी जे केले ते प्रत्येक कारागिराने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. इंजिन आणि पंखा यांमधील दांड्यास किती पीळ पडतो हे मोजण्याचे एक साधन त्यांनी बसविले. त्यावरून इंजिन आपले काम चोख करीत आहे, शक्ती वाया जाते ती पंख्यापाशीच, हे निःसंशय ठरले. संशयितांपैकी एक निर्दोष सुटला.

दुसरे पाऊल म्हणजे दोष डोळ्यांनी पाहणे. पार्सन्स यांनी दोन इंची लहानगा पंखा एका काचेच्या खिडकीच्या पात्रात फिरविला. प्रथम पाणी उकळीच्या बेतापर्यंत तापवून, आणि पुढे बंद पात्रातील हवा ओढून घेऊन, त्यांनी पोकळी सहज व्हावी अशी योजना केली. फिरत्या आरशाने प्रकाशाची क्षणिक झोत अशी टाकली की पंखा स्थिर भासावा. तेव्हा पात्यांच्या टोकांशी आणि पाठीवर बुडबुड्यांचे पांढरे पडदे स्पष्ट दिसले. रोग कळल्यावर औषध सापडले. एका दांड्याऐवजी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे बसविले. ओझे वाटले गेले. २६ जून १८९७ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त स्पिटहेड येथे आरमाराचे संचलन चालू असता, ‘टर्बिनिया’ युद्धनौकांच्या रांगांतून ३० नॉटांहून अधिक वेगाने सुसाटत गेली.

आता ही पोकळी म्हणजे काय, ते पाहू. पाणी शंभर अंशांवर उकळते असे आपण शाळेत शिकतो. परंतु ही गोष्ट समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाची आहे. दाब कमी केला की पाणी कमी उष्णतेवर उकळते. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटर उंचीवर, पाणी सुमारे ९७ अंशांवरच उकळू लागते. दाब आणखी पुष्कळ उतरविला तर साध्या गार पाण्यासही उकळी फुटते. फिरणाऱ्या पात्याची एक बाजू पाणी मागे लोटते; तिच्या उलट बाजूस, पाठीवर, पाणी ओढले जाऊन दाब घटतो. वेग फार वाढला की तो इतका घटतो की पाण्याची जागच्या जागी वाफ होते. पाते मग पाण्याऐवजी बुडबुडे कापू लागते.

एवढ्यावर थांबते तर नुकसान केवळ वेगाचे होते. परंतु ते बुडबुडे पुढे सरकून अधिक दाबाच्या जागी पोहोचताच एका क्षणाच्या अत्यल्प भागात मिटतात. चोहोबाजूंनी आत धावणारे पाणी एका बिंदूवर आपटते. लॉर्ड रॅली यांनी १९१७ साली गणिताने दाखविले की या आघाताचा दाब विलक्षण मोठा असतो. ‘लुसिटानिया’ व ‘मॉरिटानिया’ या प्रचंड जहाजांचे पंखे कुरतडल्यासारखे झाले होते; १९१९ मध्ये पार्सन्स आणि त्यांचे सहकारी कुक यांनी प्रयोगांती त्याचे मूळ बुडबुड्यांच्या या घणाघातातच असल्याचे सिद्ध केले. तोवर गंज किंवा हलका धातू यांवर संशय होता.

या पार्श्वभूमीवर आजच्या वेगवान नौकेकडे वळू. मार्च २०१७ मध्ये मुंबईस मरीन ड्राइव्हसमोर ज्या नौकांच्या शर्यती झाल्या, तशा नौकांत इंजिन फार जोरकस आणि पंखा लहान असतो. तेथे पंखा मोडण्याची कारणे अनेक. प्रत्येक कारण आपली खूण मात्र ठेवून जाते. म्हणून मोडका पंखा भंगारात टाकण्यापूर्वी तो उजेडात नीट पाहावा.

पात्याची कड वाकलेली वा दातेरी झाली असेल तर आघात झाला आहे: खडक, तरंगता ओंडका, जाळ्याचा दोर. एवढ्यावर निदान संपत नाही. पुढच्या कडेवरील बारीकशी खोचही तेथून बुडबुड्यांची रेघ सुरू करते आणि पुढे पाते कुरतडते. म्हणून खोच वेळीच घासून साफ करावी.

पात्याच्या पाठीवर स्पंजासारखी बारीक छिद्रे असतील तर ती कॅव्हिटेशनची खूण. मग पात्यांचे क्षेत्रफळ अपुरे आहे काय, आट्यांचे अंतर चुकले आहे काय, अथवा पंख्यापुढील एखादा आडवा भाग पाण्याचा प्रवाह बिघडवितो काय, हे तपासावे. छिद्रांऐवजी धातू तांबूस आणि ठिसूळ झालेला दिसला तर पितळी मिश्रधातूतील जस्त खाऱ्या पाण्यात झिरपून गेले आहे असे समजावे. नौकेच्या बुडाशी संरक्षणासाठी बसविलेला जस्ताचा तुकडा उरला आहे की नाही, ते आधी पाहावे.

इंजिन एकाएकी गर्जू लागते, परंतु नौका पुढे जात नाही, याची कारणे दोन. पंख्याच्या मध्यातील रबराची बुशी घसरत असेल; ती गिअर वाचविण्यासाठी मुद्दाम नाजूक ठेवलेली असते. किंवा पंखा वरून हवा ओढीत असेल. इंजिन फार उंच बसविले असता, किंवा तीव्र वळण घेताना, असे होते. हे कॅव्हिटेशन नव्हे. येथे बुडबुड्यांत वाफ नसून वातावरणातील हवा असते. परंतु हवेत मोकळा फिरलेला पंखा पुन्हा पाण्यात रुतताना पात्यांच्या मुळाशी जो हिसका बसतो, तो घातक असतो.

पाते मुळातून तुटले असेल तर तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली पाहावा. त्याचा एक भाग गुळगुळीत आणि शिंपल्यावर असतात तशा वलयांचा, आणि उरलेला खडबडीत, असे दिसले तर पाते एका तडाख्याने तुटलेले नाही. ते थकून तुटले आहे. बारीक चीर पूर्वीच पडली आणि रोज थोडी वाढली. हे किती लवकर घडते याचा अंदाज आकड्यांवरून येईल. पंखा मिनिटास ३,००० फेरे घेत असेल तर तासाला १,८०,००० होतात. साडेपाच तासांत दहा लक्षांच्या घरात. शर्यतीच्या नौकेचा पंखा तर निम्मा पाण्याबाहेर असतो. म्हणजे प्रत्येक पाते दर फेऱ्याला एकदा हवेतून पाण्यावर आपटते. अशा स्थितीत मुळाशी राहिलेले लहानसे छिद्र वा कच्चा सांधा म्हणजे मृत्युपत्रच.

आणि नवा पंखाही त्याच जागी तुटला, तर दांडा वाकला आहे काय, बेअरिंग झिजले आहे काय, इंजिन आणि दांडा एका रेषेत आहेत काय, हे मोजल्यावाचून तिसरा पंखा विकत घेऊ नये. शोध करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि दोष गेला, तर कोणत्या बदलाने गेला हे कधीच कळत नाही. आणि प्रत्येक वेळचे फेरे, वेग व पंख्याचे माप वहीत टिपून ठेवावे.

आता पारगावास परत येऊ. उन्हाळ्यात नदी खाली उतरते, पंप मात्र काठावर होता तेथेच राहतो. पाणी ओढण्याची उंची वाढते. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो; वस्तुतः बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीवर हा दाब सुमारे १०.३ मीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. सहाशे मीटरच्या आसपासच्या उंचीवर तो सुमारे ९.६ मीटर उरतो. त्यातून तापलेल्या पाण्याची वाफ, नळातील घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली की व्यवहारात पाच-सहा मीटरांपलीकडे पाणी ओढणे धोक्याचे ठरते. ती मर्यादा ओलांडली, किंवा तळाचा फूटव्हॉल्व्ह पालापाचोळ्याने तुंबला, की पंपात खडे फिरल्यासारखा आवाज येतो. पुष्कळांस वाटते, वाळू आली. वाळू असेलही, परंतु पाणी स्वच्छ असूनही आवाज येत असेल तर ते बुडबुड्यांचे मिटणे होय. इम्पेलर उघडून पाहावा: वाळूने घासलेला धातू गुळगुळीत असतो, बुडबुड्यांनी खाल्लेला खरखरीत. पहिल्यास गाळणी हवी. दुसऱ्यास पंप पाण्याजवळ उतरविणे, सक्शन पाइप आखूड आणि रुंद करणे, तुंबलेला झडपा साफ करणे. नवा इम्पेलर बसवून यांतले काहीच न केल्यास पुढच्या वैशाखात तोही जाईल, आणि ऐन पाण्याच्या पाळीत उभा ऊस सुकेल.

समुद्रावरच्या नौकेत काय किंवा घोडेच्या काठावरील पंपात काय, धातू आपली हकिकत आपल्या अंगावर लिहून ठेवतो. खोच, छिद्र, वलय, रंग, आवाज ही त्याची अक्षरे. ती वाचण्यास मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. एक भिंग, एक वही, आणि नवा पंखा आणण्यापूर्वी जुन्याकडे अर्धा तास पाहण्याचा धीर, एवढे पुरे होते. पुढल्या सुटीत आपण नौकेत पाय ठेवाल तेव्हा चालकास सहज विचारा की, मागचा पंखा कशाने गेला? ज्यास नेमके कारण सांगता येते, त्याच्या नौकेत निर्धास्त बसावे.