दहावीचं वर्ष आणि संध्याकाळचा तास

दहावी लागली की नाशिकमधल्या कितीतरी घरांत पहिली गदा मैदानावर येते. कॉलेज रोड, गंगापूर रोडवरचे क्लास सुरू होतात आणि कबड्डी, तबला, ढोल-पथक हे सगळं ‘बोर्ड झाल्यावर बघू’ म्हणून बाजूला पडतं. आईवडिलांची काळजी खरी आहे. मात्र ज्या समजुतींवर हा निर्णय होतो, त्या तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : खेळात वेळ गेला की अभ्यास बुडतो.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल हवी. तिचा फायदा हाडांना आणि हृदयाला होतो, तसाच मनाला आणि आकलनालाही. प्रत्यक्षात २०१६ साली जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं एवढी हालचाल करत नव्हती. मुलं फार खेळतात ही तक्रार त्यामुळे बहुतेकांना लागूच होत नाही. जपायची आहे ती झोप. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते. वेळ काढायचाच तर मोबाइलमधून काढावा, झोपेतून नको.

गैरसमज : हा नुसता विरंगुळा; खरं शिक्षण वर्गातच.

वस्तुस्थिती : रीड लार्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने किशोरांना दिवसभरात अधूनमधून बीपर वाजवून विचारलं, की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? वर्गात लक्ष लागत होतं, पण ओढ नव्हती. मित्रांच्या घोळक्यात ओढ होती, पण एकाग्रता नव्हती. खेळ, कला, छंद यांत दोन्ही एकत्र सापडली. त्यांच्या मते स्वतःहून काही हाती घेऊन तडीस नेण्याची सवय इथेच लागते.

गणपतीच्या आधी ढोल-पथकाच्या सरावाला एकदा जाऊन उभं राहा. कमरेला ढोल, उजव्या हातात टिपरू, डाव्या तळव्याची थाप. ताशाने इशारा दिला की सगळ्यांनी एकदम ठेका बदलायचा. नवीन मुलगी चुकते, शेजारचा दादा न रागावता हात दाखवतो, ती पुन्हा सुरू करते. घरी चार वेळा सांगूनही न ऐकणारी मुलगी इथे वेळेआधी हजर असते, कारण तिच्यावाचून ओळ मोडते. (कानांसाठी इअरप्लग मात्र हवेतच, एवढ्या आवाजात रोज तासन्‌तास राहिल्यास श्रवणशक्तीला धोका असतो.)

गैरसमज : नाव काढणार असेल तरच उपयोग.

वस्तुस्थिती : सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. नाशिकचा विदित गुजराथी २०१३ साली ग्रँडमास्टर झाला आणि २०२४च्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. आम्हा नाशिककरांना त्यांचा अभिमान आहेच. पण तब्येत, झोप, मैत्री, हरल्यावर पुन्हा उभं राहणं, हे फायदे पदक न मिळालेल्यांनाही मिळतात. उलट पदकासाठी कोवळ्या वयातच एका खेळाला जुंपलं की दुखापतींचा आणि मूल खेळच सोडून देण्याचा धोका वाढतो.

गैरसमज : कुठेही गुंतवलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : नाही चालत. शाळेनंतरच्या उपक्रमांवरच्या अनेक अभ्यासांचा २०१० साली एकत्र आढावा घेतला गेला. कौशल्य पायरीपायरीने शिकवणाऱ्या, मुलांना प्रत्यक्ष करायला लावणाऱ्या उपक्रमांतच ठळक फरक दिसला. मिशिगनमधल्या एका अभ्यासात सांघिक खेळ खेळणारी मुलं अभ्यासात पुढे होती, तशीच दारूकडेही जास्त वळत होती. म्हणून फी विचारण्याआधी शिकवणारी माणसं पाहावीत : चुकलेल्या मुलाशी ती कशी बोलतात, सोबतची मोठी मुलं कशी वागतात.

गैरसमज : हे पैसेवाल्यांचं काम.

वस्तुस्थिती : निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात तिथे परदेशी पक्षी उतरतात. एक वही, चौघांत एक दुर्बीण आणि माहीतगार शिक्षक एवढ्यावर तिथली रविवारची सकाळ सार्थकी लागते. खेळायला जागाही आहे, पण गावोगावच्या अनेक शाळांची मैदानं संध्याकाळी कुलूपबंद असतात. शाळा समितीने ती तासभर उघडी ठेवावीत आणि तिथे थांबणाऱ्या शिक्षकाला त्याचं मानधन द्यावं.