कॅसेट, मेमरी कार्ड आणि आपलं ऐकणं

मंडळी, आज आपण गाण्याबद्दल कमी आणि गाणं ज्यात भरतात त्या डबीबद्दल जास्त बोलू. कारण डबी बदलली की ऐकणंही बदलतं.

७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण ३ मिनिटांची. तेवढ्यात एखादी लावणी बसते. कीर्तन काही बसत नाही. आणि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जिथे नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथे ऐकणं म्हणजे एका अभंगावरचं दोन तासांचं निरूपण!

फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली. सी-९० कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, म्हणजे दोन कॅसेटींत अख्खं कीर्तन मावलं. १९८० च्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या आणि गावोगाव पोचल्या. पण खरा बदल वेगळाच होता. तबकडीवर आपण फक्त ऐकू शकत होतो. टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबून आपण भरूही लागलो. सप्ताहातलं कीर्तन, जयंतीची भीमगीतं, जत्रेतला तमाशातला वग, असं कितीतरी मोठ्या कंपन्यांशिवाय फिरू लागलं. ऐकणाऱ्याच्या हाती असं साधन आलं.

मात्र फीत क्रमानेच चालते. आवडतं गाणं शोधायला ती पुढे-मागे पळवावी लागे. त्यापेक्षा लोक सबंध बाजू ऐकत. शिवाय एक टेप असला की आवाज साऱ्या घराचा. १९७९ च्या वॉकमनने तो एकट्याच्या कानात नेला.

मग एमपी३ आलं. कानाला सहसा जाणवत नाहीत असे बारकावे गाळून ते फाइल लहान करतं. १२८ केबीपीएसला मिनिटामागे साधारण १ एमबी. म्हणजे १ जीबीच्या नखाएवढ्या कार्डात जवळपास १७ तास! आता वेळेची अडचण उरली नाही, पण क्रमही उरला नाही. गाणं आवडलं नाही की पुढचं. दोन तासांच्या निरूपणातला अर्ध्या मिनिटाचा विनोद तेवढा फिरतो, अभंग मागे राहतो.

यात नुकसान कशाचं? बाजारातलं गाणं कुठेतरी सापडेलच. पण गावच्या सप्ताहात भरलेल्या कॅसेटीची दुसरी प्रत बहुधा नसते. फितीला बुरशी लागते, तिच्यावरचा चुंबकीय थर सुटू लागतो. बुरशी दिसली तर ती लगेच वाजवू नका, जाणकाराला दाखवा. चांगली असेल तर टेपच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाला वायर जोडा आणि भरून घ्या. आणि हो, फाइलला गाव, साल आणि बुवांचं नाव द्या. नावाशिवाय तो आवाज पुढच्या पिढीला कोणाचा म्हणून ऐकवणार?