डिपॉझिट देण्याआधी

भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी, तिघी लातूरच्या. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी होस्टेलवर होत्या, आता कर्वेनगरात टू बीएचके घेत होत्या. गाद्या, कपाट, वायफाय अशी यादी त्यांनी केव्हाच केली होती. मी मालकांकडून किल्ली आधी मागून घेतली आणि ओळखीच्या इलेक्ट्रिशियनसह मुलींना घेऊन रिकाम्या घरात गेले. सामान लागलं की बोर्ड कपाटामागे जातात, मग कुणी पाहत नाही.

त्यानं मेन बोर्ड उघडला. एमसीबी होते, आरसीसीबी नव्हता. "ताई, एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही," तो म्हणाला. खरं आहे ते. एमसीबी पडायला कित्येक अँपिअर लागतात. माणसाचं हृदय बंद पडायला एका अँपिअरचा छोटा अंशही पुरतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळती झाली की क्षणात वीज तोडतो.

मग टेस्ट लॅम्प घेऊन तो एकेक सॉकेट तपासू लागला. एक वायर फेजला, दुसरी वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे अर्थिंगला. हॉलमध्ये बल्ब लख्ख लागला, स्वयंपाकघरातही. वॉशिंग मशीनच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला पेटेचना. प्लेट काढली तर हिरवी वायर आत नुसती लोंबत होती. बाहेरून सॉकेट कोरं करकरीत. तिथं मशीन लागून आत गळती झाली असती, तर पत्र्यात करंट उतरला असता. वायर जोडून, आरसीसीबी बसवून त्यानं टेस्टचं बटण तिघींना आळीपाळीनं दाबायला लावलं. प्रत्येक वेळी घर अंधारलं. महिन्यातून एकदा हे करायचं, एवढंच.

खरा वाद झाला तो बाथरूममध्ये. भिंतीवर गॅस गिझर होता आणि खिडकी डक्टकडे उघडणारी, वीतभर, काचेनं बंद. मालक म्हणाले, "आजवर काही झालं नाही." मी हटले नाही. बंद जागेत हवा अपुरी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळतात म्हणून गळती कळते. इथं मात्र चक्कर येते, पाय गळतात आणि आतून लावलेली कडी काढायचं त्राणही उरत नाही. हिवाळ्यात अशा मृत्यूच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात आणि त्यांत शिकणारी मुलं असतात. अखेर प्लंबर बोलावून गिझर ड्राय बाल्कनीत हलवला, फक्त गरम पाण्याची नळी आत आणली.

सिलिंडरची नळी जुनी होती, ती बदलून घेतली. तिच्यावर छापलेली तारीख पाहायची सवय मुलींना लावली. जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का, हे भाचीनं स्वतः पाहिलं. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं किंवा एक्झॉस्टचंही बटण दाबायचं नाही, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करायचा.

दाराचं काम सोपं होतं. आधीच्या भाडेकरूंकडे किल्ल्या किती राहिल्या, कोण सांगणार? लॅचचा सिलिंडर बदलला. "मावशी, जास्तीची किल्ली शू-रॅकमध्ये ठेवू?" भाचीनं विचारलं. ती समोरच्या आजींकडे दिली. कचरा ठेवायला बाहेर यावं, लॅच मागे लागावं आणि आत दूध गॅसवर असावं, हे कुणाच्याही घरी घडतं. बाल्कनीच्या ग्रिलला बाहेर पडण्यापुरती झडप होती. तिच्या कुलपाची किल्ली तिथंच खिळ्याला टांगली.

लिव्ह अँड लायसन्सचा करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. दुरुस्त्या कुणी करायच्या, हे त्यातच लिहून घेतलं.

घर पाहायला जाताना आपण भाडं, कॉलेजचं अंतर, मेस, पाणी विचारतो. त्याआधी मेन बोर्ड उघडून पाहा आणि बाथरूममध्ये शिरा. तिथं गॅस गिझर दिसला आणि मालक तो बाहेर काढायला तयार नसेल, तर डिपॉझिट देऊ नका. दुसरं घर शोधा.