सापाचा रंग आणि नर-मादीभेद

पांढऱ्या नागाचे पांढरेपण नर-मादीच्या भेदाशी जखडलेले असते काय? याचे उत्तर केवळ कातडी न्याहाळून मिळत नाही. माणसात पुत्र की कन्या हे पित्याकडील गुणसूत्र ठरविते. नागात ते मातेकडील ठरविते. नराची लिंगगुणसूत्रे झेड-झेड, तर मादीची झेड-डब्ल्यू. म्हणजे मादी पिलास झेड मिळते ते केवळ पित्याकडून. रंग लोपविणारे अप्रभावी जनुक झेडवर असेल, तर पांढरा नर व साधी मादी यांची सर्व मादी-पिले पांढरी आणि सर्व नर-पिले साधी निघतील. जनुक अन्य गुणसूत्रावर असल्यास असा भेद पडणार नाही. (१९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे नाग घरी पाळून हे ताडता येत नाही, हे बरेच!)

सापांच्या याच गुणसूत्रांवर डॉ. लालजी सिंग यांनी बनारस हिंदू विद्यापीठात संशोधन केले. पट्टेरी मण्यारीतून मिळालेल्या डीएनए-खंडाच्या आधारे पुढे आमच्या हैदराबादेतील सीसीएमबी संस्थेत त्यांनी डीएनए-ठशांची पद्धत सिद्ध केली. पितृत्वाचे वाद व गुन्ह्यांचे खटले यांत न्यायालयांना तिचा आधार लाभला.

अजगराला मात्र वरील हिशेब लावू नये. त्याच्यात माणसाप्रमाणे नरच एक्स-वाय असतो, असे २०१७ साली दिसून आले.