बाळंतिणीचे मन आजारी पडते तेव्हा

घरात बाळंतीण असली, की सगळे घर तिच्या अंगाची काळजी घेते. शेक-शेगडी होते, डिंकाचे लाडू होतात, आळिवाची खीर होते. कानाला फडके बांधले की नाही, हे दहादा विचारले जाते. पण तिच्या मनाचे काय? ते मात्र कुणी विचारीत नाही.

मैत्रिणींनो, पहिल्या आठवड्यात उगीच रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ बाळंतिणींना होते आणि आपोआप जाते. त्याची धास्ती नको. उदासपणा पंधरा दिवसांनंतरही ओसरत नसेल, तर मात्र ते नैराश्य असू शकते. आपल्या देशात साधारण पाचांतल्या एकीला ते होते. तिसरा प्रकार सर्वांत गंभीर, तो म्हणजे सूतिकोन्माद. तो हजारांत एखाद-दुसरीलाच होतो, पण येतो झपाट्याने, बहुधा पहिल्या पंधरवड्यातच. चांगली शहाणीसुरती मुलगी दोन-दोन रात्री झोपत नाही, एकसारखी बडबडते किंवा अगदी गप्प होते, नसलेले आवाज ऐकते, ‘हे माझं बाळच नव्हे’ म्हणते. मग कुजबूज सुरू होते, ‘बाहेरचं काही असेल.’ अंगारा, दृष्ट, देवऋषी यांत मोलाचे दिवस जातात. तसे करू नका हं! ही तातडीची दुखणी आहेत. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा आणि तोवर तिला व बाळाला एकटे सोडायचे नाही.

आता बाळाकडे वळू. ‘एवढ्याशा जिवाला काय कळतंय?’ असे आपण सहज म्हणून जातो. पण त्याला पुष्कळ कळते. इंग्लंडचे डॉ. जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. तान्ह्या मुलाला पोटभर दुधाबरोबरच एका जवळच्या माणसाची टिकाऊ माया हवी, हे त्यांनी त्यात ठासून सांगितले.

ही माया जडते कशी? बाळ रडते, हसते, हुंकार देते. आई वळून बघते, बोलते, उचलून घेते. एकाने हाक द्यायची, दुसऱ्याने ओ द्यायची. हे दिवसातून कितीतरी वेळा चालते. अमेरिकेत डॉ. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आईने आधी बाळाशी खेळायचे आणि मग दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवून नुसते बघत राहायचे. बाळे आधी हसली, हात हलवून पाहिले. ओ येईना, तेव्हा मान फिरवून हिरमुसली.

आई आजारी असली, की बाळाच्या वाट्याला हीच दोन मिनिटे दिवसचे दिवस येतात. तिला माया नसते असे नव्हे. आजाराने तिचा चेहराच मिटवून टाकलेला असतो. असे फार दिवस चालले, तर मूल हाक मारणेच सोडते, नाहीतर सारखे चिकटून राहते आणि तरी त्याची समजूत पटत नाही.

म्हणून काय सगळे बिघडलेच? मुळीच नाही. धडधाकट आईलाही बाळाची प्रत्येक हाक कुठे कळते? चुकले, की आई पुन्हा वळते, आणि बाळही तिला पुन्हा सामावून घेते. तेव्हा आजाराच्या नावावर फारसे काही ठरत नाही. तो किती दिवस उपचारांवाचून राहिला आणि तोवर बाळाला दुसरी एक ठरलेली कूस मिळाली की नाही, यावर पुष्कळसे अवलंबून असते. सूतिकोन्मादातून बहुतेक जणी औषधपाण्याने चांगल्या बऱ्या होतात.

अशा वेळी घरचे काय करतात? ‘वेडीच्या हाती बाळ नको’ म्हणून ते दूरच्या नणंदेकडे पाठवून देतात. धोका असताना सांभाळायलाच हवे. पण सरसकट तोडणे म्हणजे आजारी बाईचे उरलेसुरले बळही काढून घेणे. आपला कायदासुद्धा हेच सांगतो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे रुग्णालयात असलेल्या आईपासून तीन वर्षांखालचे मूल सहसा वेगळे करायचे नाही. मुलाला धोका वाटला, तर तात्पुरते वेगळे ठेवता येते, आणि त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा लागतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर २००९पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे.

तुमची जाऊ, नणंद, सून किंवा लेक अशी आजारी पडली, तर एवढे करा :

रात्रीचे बाळ दुसऱ्या कुणी घ्यावे. तिची सलग झोप हे अर्धे औषध आहे.

बाळाला दहा हातांत फिरवू नका. आजी असो, बाबा असो, कुणीतरी एकाने रोज तेच माणूस व्हावे.

डॉक्टरांची संमती असेल, तेव्हा कुणीतरी जवळ बसून बाळ तिच्या मांडीवर द्यावे. दहा मिनिटे का होईना, तेल लावू दे, गाणे म्हणू दे.

अंगावर पाजायचे की नाही, हे औषध पाहून डॉक्टर ठरवतील. मनानेच औषध बंद करू नका.

पूर्वी असे दुखणे झाले असेल, तर पुढच्या खेपेला दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना सांगा. माहेरी-सासरी लपवू नका.

सल्ल्यासाठी सरकारची ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा २०२२पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट.

आणि बरी झाल्यावर तिला ‘तू तेव्हा बाळाला ओळखतसुद्धा नव्हतीस’ असे कधी ऐकवू नका. ते तिला आठवत असते. बाळाला हवी असते ती आजची आई. तिला आज ते हसून हाक देते आहे ना, मग ओ द्यायला तिला बळ द्या. एवढे घरातल्या बायकांनीच करायचे आहे.