पोटातलं गळू आणि तापाची वही

घोड्याच्या जबड्याखाली गळू आलं तर जुना घोडेवाला डगमगत नाही. शेक द्यायचा, गळू पिकू द्यायचं, फुटलं की जखम धुऊन काढायची. पू वाहून गेला की जनावर आपणहून चंदीला तोंड लावतं. या आजाराला स्ट्रँगल्स म्हणतात. स्ट्रेप्टोकोकस इक्वाय या जिवाणूमुळे तो होतो आणि तबेल्यात शिरला की झपाट्याने पसरतो. बहुतेक घोडे त्यातून बरे होतात. थोड्या जनावरांत मात्र हे जिवाणू गळ्यापुरते राहत नाहीत. रक्तातून किंवा लसिकेतून आत उतरतात आणि आतड्यांच्या पडद्यातल्या गाठींत, यकृतात, प्लीहेत, मूत्रपिंडात किंवा फुप्फुसात गळू धरतं. ते दिसत नाही आणि बहुतेक वेळा चाकूने फोडताही येत नाही. मग त्यावर उपचार कसे होतात, हे नाशिक जिल्ह्यातल्या एका तबेल्यात मला जवळून पाहायला मिळालं.

पांढरी घोडी, वरातीची. लग्नसराईत घराचा खर्च तिच्यावर चालायचा. तबेल्यात स्ट्रँगल्स येऊन गेला होता. बाकीचे घोडे सावरले. हिचंही जबड्याखालचं गळू फुटून भरून आलं, पण ती अंग धरेना. बरगड्या दिसू लागल्या. संध्याकाळी ताप चढायचा, सकाळी उतरायचा. मधूनच पुढच्या पायाने जमीन उकरायची, वळून कुशीकडे पाहायची. पोटशूळ समजून दिलेल्या इंजेक्शनाने तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, पुन्हा तेच.

डॉक्टर मॅडमनी एकदम पोटाला हात घातला नाही. आपल्याकडे येणारा-जाणारा ताप आणि खंगत जाणारा घोडा दिसला की आधी सर्रा हा रोग आठवावा लागतो, म्हणून रक्ताची काच तपासली. ग्लँडर्सची शंकाही फेडून घेतली. त्या रोगातही गाठी येतात, तो माणसाला होतो आणि त्याची खबर सरकारला देणं कायद्याने बंधनकारक आहे. दोन्ही तपासण्या निर्दोष आल्या. रक्तात पांढऱ्या पेशी, फायब्रिनोजेन आणि ग्लोब्युलिन वाढलेले होते, हिमोग्लोबिन उतरलेलं. शरीर कुठेतरी जुनं भांडण लढत होतं.

मग खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गुदमार्गातून तपासणी झाली. हात एवढा आत जाऊनही घोड्याच्या पोटाचा फक्त मागचा भाग चाचपता येतो. पुढचं काम सोनोग्राफीचं. पोटाच्या खालच्या बाजूचे केस कातरले, स्पिरिट आणि जेल लावलं. मोतद्दाराने घोडीचं डोकं छातीशी धरून तिला थोपटत ठेवलं. पडद्यावर आतड्यांच्या हलत्या वळ्या दिसत होत्या आणि त्यांच्यामध्ये एक गोल जागा अजिबात हलत नव्हती. जाड, उजळ कड, आत करडा द्रव आणि त्यात सावकाश फिरणारे ठिपके. मॅडमनी प्रोब थांबवला, कडेपासून कडेपर्यंत माप घेतलं. पोटाच्या सर्वांत खालच्या जागी, मध्यरेषेच्या जरा उजवीकडे सुई घालून पोटातलं पाणी काढलं. प्लीहा डावीकडे असते, तिला सुई लागू नये म्हणून उजवी बाजू. निरोगी घोड्यात हे पाणी फिकट पिवळं, स्वच्छ असतं. इथे ते गढूळ होतं.

“कापून काढता नाही का येणार, मॅडम?” मालकांनी विचारलं.

“काका, ते आतड्यांच्या मुळाशी आहे. भोवतीचं सगळं त्याला चिकटलेलं असतं. काढायला गेलं आणि पोटात फुटलं तर पू सगळीकडे पसरेल. मग हातात काही राहणार नाही.”

पोटाच्या भिंतीला चिकटलेलं गळू कधी कधी सोनोग्राफीत पाहत बाहेरून रिकामं करता येतं. खोलवरच्या गळवाला औषध आणि वेळ एवढेच उपाय. हा जिवाणू आजही पेनिसिलिनला दाद देतो, ही जमेची बाजू. अडचण गळवाच्या भिंतीची. आत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे औषध कडेपर्यंत जातं आणि पुवात फार हळू झिरपतं. म्हणून उपचार आठवडेच्या आठवडे, कधी काही महिने चालतात. जोडीला रिफाम्पिसिन देतात, ते भिंतीतून आत चांगलं शिरतं. ते एकटं मात्र कधी द्यायचं नसतं, जिवाणू लगेच त्याला सरावतात. त्या औषधाने घोडीची लघवी नारिंगी झाली आणि मालक घाबरले. मॅडमनी समजावल्यावर सगळ्यांना धीर आला.

पेनिसिलिनची मात्रा किलोमागे २२,००० युनिट, दिवसातून दोनदा. साडेतीनशे किलोच्या घोडीला एका वेळी ७७ लाख युनिट. एवढं औषध एका जागी मावत नाही, म्हणून ते वाटून द्यायचं आणि मान, छाती, मांडी अशी जागा बदलत राहायचं. प्रत्येक वेळी सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का ते पाहायचं. प्रोकेन पेनिसिलिन रक्तवाहिनीत गेलं तर घोडा पिसाळल्यासारखा उधळतो, कोसळतो, कधी जिवावरही बेततं. मोतद्दाराला हे सगळं मॅडमनी स्वतः शिकवलं आणि त्याचा हात बसेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.

सगळ्यात मोलाची वस्तू मात्र खुंटीला टांगलेली वही होती. निरोगी घोड्याचं तापमान साधारण ९९.५ ते १०१ फॅरनहाइट असतं. सकाळ-संध्याकाळ ते मोजून लिहायचं, शेजारी चंदी किती खाल्ली आणि लीद कशी पडली याची नोंद. वेदनाशामक द्यावं लागलं तर त्याची वेळही. कारण वेदनाशामकाने ताप दबतो, आकडा चांगला दिसतो आणि घोडा बरा झाल्याचा समज होतो.

खरी कसोटी पुढे आली. ताप थांबला, अंगावर तकाकी दिसू लागली, लग्नाची सुपारीही आली. मालकांना वाटलं, आता इंजेक्शनं पुरे. मॅडमनी पुन्हा सोनोग्राफी केली. गळू निम्म्यावर आलं होतं, गेलेलं नव्हतं. औषध चालू राहिलं आणि वरात दुसऱ्या घोडीवर निघाली. फायब्रिनोजेन सामान्य झालं, पडद्यावर जाड व्रणापलीकडे काही उरलं नाही, तेव्हाच औषध थांबलं. सगळीच जनावरं अशी वाचत नाहीत. काहींत गळू फुटतं, काहींत आतडी चिकटून पोटशूळ मागे लागतो. निदान लवकर झालं तर आशा जास्त.

घोडे पाळणाऱ्यांना म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. नवा घोडा आणला की निदान तीन आठवडे वेगळा बांधा, त्याचं भांडं आणि खरारा वेगळा ठेवा. दिसायला बऱ्या झालेल्या घोड्याच्या गळ्यातल्या पोकळीतही जंतू महिनोन्महिने दडून राहतात, तेव्हा मोकळा सोडण्याआधी तपासणी करून घ्या. शिंगरांच्या फुप्फुसातल्या गळवासाठी दिलेली मॅक्रोलाइड औषधं मोठ्या घोड्याला परस्पर देऊ नका, जीवघेणी हगवण लागते. तबेल्यात थर्मामीटर आणि वही ठेवा. आणि औषध कधी थांबवायचं, हे घोड्याच्या चालीवरून ठरवू नका. डॉक्टरांना ठरवू द्या.