रुग्णाच्या उशाशीं फुलें

गेल्या आश्विनांत आमच्या गांवचे एक वृद्ध बागायतदार पोटाच्या शस्त्रक्रियेकरितां शहरांतील एका मोठ्या रुग्णालयांत राहिले होते. ४० वर्षें त्यांनीं गुलछडी व अ‍ॅस्टर पिकविला, फुलांचीं ओझीं बाजारांत पाठविलीं. परंतु त्यांस स्वतःस कोणी कधीं फुलें आणून दिलेलीं आम्हांस आठवत नाहींत. म्हणून शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीं त्यांच्याच मळ्यांतील गुलछडीच्या २५ काड्या पहाटे तोडून, ओल्या गोणपाटांत गुंडाळून आम्ही घेऊन गेलों. अतिदक्षता विभागाच्या दाराशींच परिचारिकाबाईंनीं आम्हांस अडविलें. फुलें आंत जाणार नाहींत, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. कांचेबाहेरून आम्हीं जुडी उंच करून दाखविली, बाबांनीं ती पाहिली, आणि परततांना ती आम्ही फाटकाजवळच्या गणपतीपुढें ठेवून आलों.

त्या वेळीं आम्हांस राग आला, हें कबूल केलें पाहिजे. ज्या मालावर घर चालतें तो माल दारांतून परत यावा, हें कोणत्या शेतकऱ्यास रुचेल? पुढें या विषयाची माहिती मिळवितां असें दिसून आलें कीं, बाईंचें करणें योग्यच होतें. मात्र तोच नियम प्रत्येक खाटेस लावण्याचें कारण नाहीं.

आपल्याकडे आजाऱ्यास भेटावयास जातांना फळें नेण्याची चाल आहे. फूल देवास, वेणीस, नाहीं तर तिरडीस. रुग्णाच्या उशाशीं फुलें ठेवण्याची रीत मुख्यतः पाश्चात्य देशांतून आली, परंतु तेवढ्यावरून ती टाकाऊ ठरत नाहीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीं रुग्णशुश्रूषेवरील आपल्या १८५९ च्या पुस्तकांत तापाच्या रोग्यांस रंगीत फुलांचा गुच्छ पाहून होणारा आनंद वर्णिला आहे, आणि फुलांनीं खोलींतील हवा बिघडते हा त्या काळचा समज खोडून काढला आहे. रॉजर उलरिच या संशोधकानें १९८४ सालीं पेनसिल्व्हेनियांतील एका रुग्णालयाची पाहणी प्रसिद्ध केली. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकींतून झाडें दिसत होतीं ते रोगी, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षां लवकर घरीं गेले व त्यांस तीव्र वेदनाशामक औषधेंही कमी लागलीं. ही गोष्ट झाडांची आहे, फुलदाणीची नव्हे, हें मात्र विसरूं नये.

आतां दोष कोठें आहे तें पाहूं. तो फुलांत थोडा व पाण्यांत फार आहे. टॅपलिन व मर्ट्झ यांनीं १९७३ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत दाखवून दिलें कीं, रुग्णालयांतील फुलदाण्यांचें पाणी रोगजंतूंचें आगर बनतें. देंठ कुजतो, पाणी गढुळतें, आणि बोथट दृष्टीच्या नातलगास तें तीन तीन दिवस दिसत नाहीं. निरोगी माणसास त्यापासून सहसा अपाय होत नाहीं. परंतु भाजलेला रोगी, अवयवरोपण झालेला, कर्करोगाच्या औषधांनीं प्रतिकारशक्ति खालावलेला, अतिदक्षता विभागांतला, यांच्याजवळ फुलें नकोतच. कुंडी तर अधिकच नको, कारण मातींत बुरशीचे बीजाणू असतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनीं २००३ सालीं दिलेल्या सूचनाही याच धर्तीच्या आहेत: ज्यांची प्रतिकारशक्ति शाबूत आहे अशा रोग्यांच्या विभागांतून फुलें हद्दपार करण्याची गरज नाहीं, मात्र फुलदाणीचें काम शुश्रूषा करणाऱ्यांनीं न करतां दुसऱ्यानें करावें.

म्हणजे सामान्य विभागाचें दार बहुतेक ठिकाणीं उघडें असूं शकतें, आणि तेथें काय न्यावें हें आम्हां पिकविणाऱ्यांहून अधिक कोणास कळणार? आमची गुलछडीची निवडच चुकली होती. बंद खोलींत तिचा वास रात्रीं इतका दाटतो कीं धडधाकट माणसाचेंही डोकें चढावें. लिलीचा परागही त्रासदायक. न्यावयाचीच असेल तर तिचे परागकोश आधीं खुडावे. अ‍ॅस्टर, जरबेरा, मंद वासाचा गुलाब हीं बरीं. गुलाब कळी उमलूं लागतांच तोडावा, अ‍ॅस्टर पूर्ण फुलल्यावर. तोड उन्हाआधीं करून देंठ लगेच स्वच्छ पाण्यांत उभे करावे. पाण्याखालीं जाणारें पान एकही ठेवूं नये. अ‍ॅस्टरचें पाणी लवकर नासतें तें या पानांमुळेंच. जरबेऱ्यास दोन-तीन बोटें पाणी पुरें. त्याचा लवदार देंठ फार बुडाला तर सडतो. कित्येकजण पाण्यांत साखर टाकतात. जंतुनाशक नसेल तर ती साखर फुलापेक्षां जंतूंसच पोसते. त्यापेक्षां रोज पाणी बदलावें आणि देंठाचें टोक तिरपें कापावें.

आणखी एक गोष्ट आमच्या बंधूंस आवडणार नाहीं, तरी ती लिहिणें भाग आहे. फूल कोणी खात नाहीं, या समजुतीनें आपण तोडीच्या आदल्या दिवशींही औषध फवारतों. आजारी माणूस फूल हातीं घेतो आणि प्रथम नाकाशीं नेतो. ज्या वाफ्यावर नुकती फवारणी झाली असेल त्यांतील फूल रुग्णालयाकडे पाठवूं नये. त्याचा भाव कितीही येवो.

फळांच्या करंडींत फुलें खोंचून देण्याची एक नवी चाल शहरांत दिसते. पिकलेलें केळें, सफरचंद हीं इथिलीन वायु सोडतात, आणि त्यानें कार्नेशनच्या पाकळ्या आंत वळून फूल एका दिवसांत मिटतें. ग्राहक अर्थातच बोल लावतो तो पिकविणाऱ्यास. फळें वेगळीं न्यावीं, फुलें वेगळीं.

आमच्या बागायतदारांस पांचव्या दिवशीं सामान्य विभागांत आणलें. त्यांच्या मुलानें या वेळीं तेथील परिचारिकेस आधीं विचारलें, शेजारच्या खाटेवरील गृहस्थांस वासाचा त्रास नाहीं ना याची खात्री केली, आणि जांभळ्या अ‍ॅस्टरचीं ७ फुलें एका लहान भांड्यांत ठेवलीं. पाणी तो स्वतः सकाळीं बाहेर नेऊन ओतीत असे. आम्ही भेटावयास गेलों तेव्हां बाबा तीं फुलें निरखीत पडले होते. प्रकृति कशी आहे असें विचारतां त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. ते मुलाकडे बोट करून म्हणाले, “वरच्या वाफ्यांतलीं दिसताहेत. पण ह्यानें दांड्या दोन बोटें आंखूड तोडल्या, बघा.”